बोटभर पाणी

१

माणसाचं वजन गोसेगोला तळपायांतून कळायचं. ओकावांगो नदीच्या पसरट पाण्यात मोकोरो हाकता हाकता तिची एकोणीस वर्षं गेली होती. अरुंद, उथळ होडीच्या शेपटावर उभं राहायचं, लांब काठी तळाच्या वाळूत टेकवायची आणि अंग झुकवून होडी पुढे सारायची. पुढे बसलेला पाहुणा नुसता खोकला किंवा त्यानं खिशातून रुमाल काढला, तरी तिच्या पायांना समजे. दुसरी मोकोरो हाकायला तिचा म्हातारा मामा केबोने असायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, "माझ्या या भाचीला तराजू लागत नाही. बकरीवर उभी राहून सांगेल, किती किलोची आहे ते."

"मालोमे, तुमच्यावर उभी राहून बघू का?" गोसेगो म्हणायची. मामाला ती लहानपणापासून मालोमेच म्हणे.

त्या दिवशी पाहुणे परदेशी नव्हते. राजधानी गाबोरोनेहून आलेलं देशातलंच कुटुंब होतं. मोथुसी शाळेत गणित शिकवायचा, त्याची बायको टपाल कचेरीत होती आणि सहा वर्षांची आरोना घरात सगळ्यांना शिकवायची. हिवाळ्याची सुट्टी होती. पूर नुकताच सखल गवतात पसरला होता आणि सकाळची हवा इतकी गार होती, की माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती.

मोथुसी, जेवणाची पेटी आणि भांडी मामाच्या मोकोरोत गेली. गोसेगोकडे आरोना आणि तिची आई. आई पाय पसरून बसली, तिच्या दोन गुडघ्यांमध्ये आरोना. मोकोरो हळूच खाली गेली आणि थांबली. काठ पाण्याच्या वर चार बोटं. गोसेगोनं वाकून पाहिलंही नाही.

"बुडणार नाही ना ही?" आरोनाच्या आईनं विचारलं.

"म्मा, तुम्ही नाचायला लागला नाहीत, तर नाही बुडणार," गोसेगो म्हणाली. तिकडे बाईमाणसाला, आणि आईलाही, मानानं म्मा म्हणतात.

"आई नाचत नाही," आरोना म्हणाली. "बाबा नाचतात. वाईट नाचतात."

"ऐकू आलं मला!" पुढच्या होडीतून मोथुसी ओरडला.

२

दहानंतर ऊन चढलं, पण भाजणारं नव्हतं. पाणी इतकं स्वच्छ होतं, की तळाची पांढरी वाळू आणि तिच्यावर चाललेली होडीची सावली दिसे. दोन्ही बाजूंना लव्हाळी माणसापेक्षा उंच. ती सरकन बाजूला व्हायची आणि मागे पुन्हा मिटायची. लांब कुठेतरी पाणघोडा हसल्यासारखा घुमला, आणि मामानं वाट बदलली.

गोसेगोनं एक निळसर कमळ देठासकट उपटलं, देठ तुकड्यातुकड्यानं मोडून त्याची माळ केली आणि आरोनाच्या गळ्यात घातली. फूल तिच्या हिरव्या स्वेटरवर लोंबायला लागलं.

"हे किती दिवस टिकतं?"

"दिवस कुठले? तोडलेलं कमळ दुपारपर्यंत मिटतं. मग कितीही विनवण्या करा, उघडत नाही."

आरोनानं हात पाण्यात सोडला. तिच्या बोटांच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या बारीक रेघा फुटल्या आणि मागे लांबपर्यंत पसरत गेल्या. आईनं एकदा टोकलं, "मगर आली तर?" मग तीही त्या रेघांकडे बघत बसली. लेचवे हरणांचा एक कळप गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. होड्या अगदी जवळून गेल्या तरी तो हलला नाही.

"आज फारच गुणी झालीत ही हरणं," मोथुसी हळूच म्हणाला.

मामानं होडी जरा जोरानं हाकली.

३

जेवायला ते नेहमीच्या बेटावर उतरले नाहीत. तिथे म्हशी होत्या. मामानं पुढचं बेट निवडलं. ताड आणि शिंदीची झाडं कडेनं गोल उभी होती. मधे मात्र झाड नाही, गवत नाही, नुसती खारावलेली पांढरी जमीन. अशी बेटं तिकडे पुष्कळ आहेत. गोसेगो या बेटावर पूर्वी दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा लवकर निघाली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मामानं सावलीत विस्तव केला, किटली चढवली. घरून आणलेलं कुटलेलं बैलाचं मांस, तळलेले पिठाचे गोळे, उकडलेली अंडी. आरोनानं दोन गोळे खाल्ले आणि तिसरा हातात धरून पांढऱ्या जमिनीच्या कडेला खडे वेचत बसली.

तेवढ्यात हत्ती आला. आधी त्याचा आवाजच झाला नाही. शिंदीची पानं बाजूला झाली आणि एकदम करडी भिंत उभी. एकटा नर होता. गोसेगोनं हात खाली केला, तसे सगळे मोठ्या वारुळाच्या आड उकिडवे बसले; आरोना पाठीशीच असेल, असं आईनं धरलं. हत्तीनं शिंदीचं झाड कपाळानं हलवलं, पडलेली फळं एक एक करून सोंडेनं उचलली आणि तोंडात टाकली. त्याला कसलीच घाई नव्हती. पाव तास गेला, कदाचित जास्त. मोथुसी फोटो काढायचंही विसरला. शेवटी हत्ती पांढऱ्या जमिनीच्या पलीकडे झाडांत शिरला आणि जसा आला तसा नाहीसा झाला.

"आरोना?" आईनं मागे वळून पाहिलं.

आरोना तिच्या मागे नव्हती.

गोसेगो उठून उभी राहिली. पण तिनं पाऊल टाकायच्या आत झाडांमधून हिरवा स्वेटर दिसला. आरोना शांतपणे चालत येत होती.

"कुठे गेली होतीस? कितीदा सांगितलं होतं, हलायचं नाही म्हणून!"

"इथेच होते," आरोना म्हणाली.

आईनं तिचा दंड धरला, ओरडायला तोंड उघडलं, आणि मग का कोण जाणे, ओरडली नाही.

४

परतीला मामाची होडी पुढे निघाली. आरोनाची आई बसली, तिच्या गुडघ्यांत आरोना बसली. गोसेगो शेपटावर चढली, तिनं काठी टेकवली आणि होडी ढकलली.

होडी निसटली. नेहमीच्या जोरानं ढकललं, तर ती हवी त्याहून हातभर पुढे गेली. काठी वाळूत राहते की काय असं झालं. गोसेगो सावरली. तिनं पुन्हा ढकललं, जरा बेतानं. तरी तेच.

पायांना काहीतरी कमी लागत होतं. तिनं खाली पाहिलं. काठ पाण्याच्या वर पाच बोटं होता. सकाळी जिथवर पाणी होतं, तिथे होडीच्या अंगावर ओली, बुळबुळीत रेघ उघडी पडली होती आणि उन्हात सुकत चालली होती.

बोटभर. एवढंच.

गोसेगोनं मनाशी हिशेब मांडला. जेवण संपलं, म्हणून हलकं झालं असेल. पण पेटी तर सकाळपासून मामाकडेच होती. पाण्याची बाटली? ती भरलेली तिच्या पायाशी होती. आईनं कोट काढून ठेवला? कोट होडीतच होता. मग होडीच्या बुडाशी चिकटलेलं शेवाळ बेटाच्या वाळूवर घासून निघालं असेल. हे तिला पटलं. चांगलं ओंजळभर शेवाळ असतं बुडाला. ओल्या शेवाळाला वजन असतं.

वीस किलोचं शेवाळ नसतं, असं तिचे तळपाय म्हणाले.

तिनं समोर पाहिलं. दोन डोकी होती. आईच्या डोक्याला बांधलेला पिवळा रुमाल, आणि त्याच्या पुढे आरोनाच्या बारीक वेण्या. पोर गप्प होती. दमली असेल. पोरं दमतात.

"आरोना, हत्ती आवडला का गं?"

"हो."

"घाबरलीस का?"

"नाही."

सकाळी एका प्रश्नाला सात उत्तरं देणारी पोर. दमली असेल, असं गोसेगो पुन्हा स्वतःला म्हणाली.

५

ऊन कलायला लागलं होतं. कमळं मिटत चालली होती. पाण्यावर सगळीकडे नुसत्या टोकदार कळ्या उभ्या दिसत होत्या. वळणावर आरोना जरा तिरकी झाली आणि तिच्या गळ्यातलं फूल गोसेगोला दिसलं. सकाळी तोडलेलं फूल. टवटवीत, पूर्ण उघडं.

मग आरोनानं हात पाण्यात सोडला.

गोसेगो बघत राहिली. होडी चालत होती, बोटं पाण्यात होती, आणि पाण्याला रेघ फुटत नव्हती. पाणी त्या हातापाशी येत होतं आणि तसंच पुढे जात होतं, जणू त्याच्या वाटेत काही नाहीच. एक पाणकिडा सरळ त्या बोटांकडे पोहत आला आणि सरळ पलीकडे निघून गेला.

गोसेगोनं काठी वाळूत रोवली आणि होडी थांबवली. काय सांगायचं? कुणाला? एका बाईला तिच्या मांडीत बसलेल्या लेकीबद्दल सांगायचं, की म्मा, ही जड नाही? लोक म्हणतील, उन्हानं डोकं फिरलं. धक्क्यावरचे लोक वर्षभर हसतील. आणि ही आरोना असेलच, तर? पण नसली, तर त्या बेटावर एक सहा वर्षांचं पोर एकटं आहे आणि तिथे हत्ती आहे.

"मालोमे!" तिनं हाक मारली. "मी मागे जाऊन येते. किटली राहिली."

"किटली माझ्याकडे आहे!"

"दुसरी."

"आपल्याकडे दुसरी किटली कधीपासून आली? लग्नात मिळाली का तुला?"

मोथुसी हसला. मामाही हसत वळला आणि त्याची नजर गोसेगोच्या होडीवर पडली. होडीच्या काठावर, सुकलेल्या रेघेवर. पन्नास वर्षं पाणी पाहिलेला माणूस. त्याचं हसू तोंडावरच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"हां, ती किटली," तो सावकाश म्हणाला. "घेऊन ये. ऊन आहे तोवर ये." आणि लगेच मोथुसीकडे वळून मोठ्यानं सांगायला लागला, "मास्तर, माझ्या धाकट्या भावाची आणि पाणघोड्याची गोष्ट सांगितली का मी तुम्हाला? लांबलचक आहे. नीट बसा."

आरोनाच्या आईनं कुठली किटली, काही विचारलं नाही. तिनं मागे मानही वळवली नाही.

६

बेटाला होडी लागली तेव्हा आरोना आईच्या मांडीवर झोपली होती. आईचे दोन्ही हात तिच्याभोवती गोल होते आणि तिचेही डोळे मिटलेले होते. ती अगदी स्तब्ध बसली होती. गोसेगो खाली उतरली.

विझवलेला विस्तव, अंड्यांची टरफलं. वारूळ. त्यापलीकडे झाडं, आणि झाडांपलीकडे ती पांढरी जमीन.

हत्ती तिथेच होता. जमिनीच्या कडेला, ताडाखाली उभा. त्याचे कान हलत नव्हते. हत्ती उन्हात कान हलवल्याशिवाय राहत नाही. याची सोंड जमिनीवर टेकलेली होती, आणि डोळे उघडे होते की मिटलेले ते कळत नव्हतं. गोसेगो त्याच्यापासून दहा पावलांवरून गेली. त्यानं तिची दखल घेतली नाही.

जमिनीच्या मधोमध हिरवा स्वेटर बसला होता. पाठ गोसेगोकडे. बारीक वेण्या. समोर उकरलेला छोटा खळगा, त्यात खडे. दिकेतो खेळत होती, आपल्याकडे पोरी सागरगोटे खेळतात तसाच खेळ. एक खडा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत खळग्यातले ओढायचे.

"आरोना," गोसेगोनं हाक मारली. घरी मारावी तशी हाक निघावी म्हणून तिनं आवाज फार जपला. "चल बाळा, आई थांबलीय."

"थांब ना," आरोना न वळता म्हणाली. "तिची पाळी चाललीय."

गोसेगो जवळ जाऊन तिच्या बाजूला आली. आरोनाच्या गळ्यातलं फूल मिटून काळपट झालं होतं. तिसरा पिठाचा गोळा अर्धा खाऊन बाजूला ठेवलेला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. खळग्याच्या पलीकडच्या बाजूला कुणी नव्हतं.

"कुणाची पाळी?"

"ती आत्ताच परत आली. माझ्या आईला बघायला गेली होती. तिला आई बघायची होती. मी म्हटलं, जा, पण लवकर ये." आरोनानं नाक पुसलं. "उशीर केला तिनं. मला भूक लागली."

गोसेगो उभी राहिली. तिला वाटलं आपण किती तरी वेळ उभे आहोत. पांढऱ्या जमिनीवरून ऊन परत वर येत होतं आणि डोळ्यांत पाणी आणत होतं. सगळीकडे इतकं शांत, की तिला स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. आरोनाचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. गोसेगोला ते नीट दिसत होते, दोन्ही हात, दहाही बोटं.

आणि टप्प असा आवाज आला. वर उडवलेला खडा तळहातात झेलल्याचा.

"हं. झेलला," आरोना म्हणाली. "आता माझी."

"आता आईची पाळी," गोसेगो म्हणाली, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही. तिनं हात पुढे केला. आरोनानं खळग्याच्या पलीकडे बघत मान हलवली, उठली आणि तिचा हात धरला. तो हात गरम होता, पिठानं चिकट होता आणि ओढत चालणाऱ्या पोराचा असतो तसा जड होता. गोसेगोनं तो घट्ट धरला. खळग्याकडे तिनं पाहिलं नाही. हत्तीकडेही नाही.

७

आरोनाची आई होडीत तशीच बसली होती. हात तसेच गोल, पुढे धरलेले. त्यांच्या आत काही नव्हतं.

गोसेगोसोबत चालत येणारी लेक तिनं पाहिली. ती दचकली नाही, ओरडली नाही. नुसते हात हळूच उघडले, अगदी हळू, जसं कुणाला जागं करायचं नाही. मग गुडघे बाजूला करून जागा केली. आरोना धपकन बसली आणि मोकोरो खाली गेली. चार बोटं. गोसेगोच्या तळपायांना इतकं बरं वाटलं, की तिला रडूच आलं. काठी टेकवताना तिनं मनातल्या मनात पाण्याला हात जोडले.

वाटभर आरोना बोलत राहिली. हत्तीचं शेण किती मोठं होतं, बाबांना दिकेतो येत नाही, भूक लागली. गोसेगो प्रत्येक गोष्टीला हं म्हणत होती आणि दर थोड्या वेळानं काठाकडे बघत होती. चार बोटं. प्रत्येक वेळी चारच.

धक्क्यावर मामा अजून पाणघोड्याचीच गोष्ट सांगत होता. तिला पाहून तो मधेच थांबला, आधी होडीकडे बघितलं, मग आरोनाकडे, आणि म्हणाला, "तर मास्तर, असा वाचला माझा भाऊ." मोथुसीला गोष्टीचा शेंडाबुडखा कळलेला दिसत नव्हता.

सामान मोटारीत भरलं. आरोना मागच्या बाकावर पडल्या पडल्या झोपली. मोथुसी आपल्या फोनमधले फोटो मामाला दाखवत होता. "बघा, हत्तीचं नुसतं ढुंगण आलंय."

आरोनाची आई गोसेगोपाशी आली. पिवळा रुमाल तिनं सोडला होता आणि तो बोटांना गुंडाळत होती.

"तुम्ही किटलीसाठी नाही परतलात, म्मा."

"नाही, म्मा."

"मला कळलं होतं. बेटावर दंड धरला तेव्हाच. मांडीवर बसली, तेव्हा तर..." तिनं रुमाल बोटांवर आवळला. "माझी पोर झोपली की पाय सुन्न होतात माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते आणि ती निघून गेली असती, तर? तर मांडीवर कोणीच राहिलं नसतं." ती पाण्याकडे बघत होती. "आणि ती मला म्हणाली, हळू. तुमच्या कानावर गेलं नसेल. म्हणाली, म्मा, जोरात श्वास घेऊ नकोस, मी उडून जाईन. मी श्वास धरून बसले होते. सबंध वाट. फार थंडी वाजत होती तिला."

गोसेगोनं तिचा हात धरला. "संपलं, म्मा. तुमची लेक तुमच्याजवळ आहे. मी होडीवरून सांगते, वजन बरोबर होतं. येताना सगळी वाट बरोबर होतं."

"हो," आरोनाची आई म्हणाली. "आमचं तिघींचं बरोबर असणारच."

ती मोटारीकडे गेली. तिघींचं म्हणजे गोसेगो, आरोना आणि ती स्वतः, असं गोसेगोनं धरलं. होतंही तसंच. होडीत तीन जणी होत्या. काठ चार बोटं वर होता आणि त्या चार बोटांच्या भरवशावर ती सगळी वाट निर्धास्त आली होती. मोटार सुरू झाली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. ज्याला वजनच नाही, ते होडीत असलं काय आणि नसलं काय, पाणी सारखंच राहणार.

मोटार वाळूतून वळण घेत तिच्या अगदी जवळून गेली. मागच्या बाकावर आरोना आईच्या एका मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. आईनं तिला जरा कडेला सारलं होतं. दुसरी मांडी मोकळी होती, आणि तिच्यावर आईचा हात हळूहळू, एका लयीत, थोपटत होता. आईचे ओठ घट्ट मिटलेले. छाती हलत नव्हती.